बिननावाच्या ओळी

१

आदिलाबादकडच्या उटनूरच्या त्या सेवासंस्थेच्या कार्यालयात सकाळी पहिला प्रवेश यशवंतरावांचा होत असे, आणि तो पुजाऱ्याच्या थाटात होत असे. चपला उंबऱ्याबाहेर, पंखा मंद, आणि मग संगणकावरचे प्लास्टिकचे आवरण दोन्ही हातांनी अलगद वर. घरच्या देवघरात हेच यशवंतराव मूर्तीवरचे फडके एका हाताने ओढीत आणि तिथेच टाकून देत. गंध उगाळायला त्यांना सवड नसे. पडद्यावर मात्र धुळीचा एक कण दिसला की खिशातला धुतलेला रुमाल बाहेर निघे.

सन एकोणीसशे नव्याण्णवची ती थंडी. संस्था नार्नूर आणि बाजारहत्नूरकडच्या गावांत घरटी धान्य वाटीत असे. कुठल्या घरात किती माणसे, याची सगळी माहिती आतल्या खोलीतल्या एका यंत्राच्या डेटाबेसमध्ये होती, आणि बाहेरच्या खोलीतल्या यंत्रावर ब्राउझर उघडला की तीच माहिती घराघराचे नीटनेटके पान होऊन दिसे. ही किमया यशवंतरावांची. हैदराबादेत राहून ते ही विद्या शिकून आले होते आणि सोबत तिचा ताठाही घेऊन आले होते.

किमया कळायला सोपी होती. डेटाबेसला प्रश्न विचारला की उत्तर येते ते सुट्या ओळींनी, पोत्यातून ज्वारी ओतावी तसे. एका ओळीत एक माणूस आणि त्याच्या घराचा क्रमांक. बायको एकीकडे, नवरा दुसरीकडे, लेकरू तिसऱ्याच घराच्या गर्दीत. सर्व्हरवरचा यशवंतरावांचा प्रोग्राम एकेक ओळ उचली, तिच्यावरचा घराचा क्रमांक पाही आणि तिला त्या क्रमांकाच्या कप्प्यात ठेवी. ओळी संपल्या की कप्प्यांवर मथळे चढत. वर घर, खाली माणसे. "लोकांना मी घरी नेऊन सोडतो," असे ते गणना लिहिणाऱ्या धोंडीबाला सांगत, "नाहीतर सगळे उघड्यावरच असतात."

थोरली बहीण जयवंताबाई दिवसभर नाम घेत, तर त्या नामस्मरणाला यशवंतराव थांबण्याची अट घालायला विसरलेला लूप म्हणत, आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसत. ज्यांनी उभ्या जन्मात अंतःकरणापासून हात जोडले नाहीत, त्यांना जोडलेल्या हातांची टिंगल फार लवकर सुचते.

एका गोष्टीविषयी मात्र त्यांच्या बोलण्यात कधी टिंगल नसे. लग्नाला बरीच वर्षे लोटल्यावर कुसुमबाईंना दिवस गेले होते. आदिलाबादच्या डॉक्टरीणबाईंनी बजावले होते की मागचे अनुभव पाहता हे मूल हाती लागायचे तर बाईला विश्रांती हवी, पुष्कळ विश्रांती. कार्यालयात काम करता करता यशवंतराव मधेच घराच्या दिशेने बघत. त्या बाजूला खिडकी नव्हती, भिंत होती. तरी बघत.

प्रोग्राम तपासायला त्यांनी सुरुवातीलाच स्वतःचे घर त्यात घातले होते. गावांची घरे एकपासून पुढे, म्हणून स्वतःला त्यांनी शून्य क्रमांक घेतला होता. तिथे दोन ओळी होत्या, यशवंतराव आणि कुसुमबाई. चाचणी संपल्यावर त्या पुसायच्या असतात. त्यांनी ठेवल्या. आपले घर सगळ्या घरांच्या आधी आहे, हे त्यांना कुठेतरी आवडले होते.

त्याच आठवड्यात नार्नूरच्या पलीकडच्या काही मराठी गावांची गणना भरून आली. यशवंतरावांनी पान उघडले. प्रत्येक घराखाली माणसे नीट बसली होती. आणि प्रत्येक घराच्या शेवटी एक ओळ जास्तीची होती. नाव रिकामे, वय रिकामे, नाते रिकामे. जागा मात्र धरून ठेवलेली.

२

दोष आपल्या प्रोग्रामचा नाही, हे त्यांनी आधी सिद्ध करून घेतले. ओळी डेटाबेसमधूनच तशा येत होत्या. मग त्यांनी धोंडीबाला बोलावले.

धोंडीबाला यात विचारण्यासारखे काय आहे तेच कळेना. "त्यायनं सांगितलं म्हून लिवलं, साहेब. घरात मानसं किती, असं इचारलं तं म्हनतात, आमी चार अन् एक आगळा. नाव इचारलं तं तोंडाले पदर लावतात."

त्या पट्ट्यात घरातली माणसे नेमकी मोजून सांगत नाहीत, एवढे धोंडीबाला ठाऊक होते. वर एक सांगायचा. जेवायला बसताना भाकरीचा एक तुकडा उंबऱ्याच्या आत ठेवायचा. त्याचे लहानपण तिकडेच गेले होते आणि त्याने याचा कधी विचार केला नव्हता, जसा आपण छपराचा करीत नाही.

यशवंतरावांनी विचार केला आणि त्यांना फार आनंद झाला. घरटी एक खोटे माणूस, म्हणजे घरटी एका माणसाचे फुकट धान्य. ते म्हणाले की आगळ्याला दात किती, तेही लिहून आणायचे होते. अडाणी लोक देवाधर्माच्या नावाखाली काय काय पचवतात, यावर त्यांनी बराच वेळ व्याख्यान दिले. धोंडीबा ऐकत राहिला आणि मधूनमधून दाराकडे पाहत राहिला.

बातमी गावांत पोहोचायला बाजाराचा दिवस पुरला. त्या दिवशी दुपारी सोजरबाई नावाची माळीण वांग्यांची पाटी घेऊन कार्यालयात आली. वयस्क, काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू. बस म्हटले तरी बसली नाही. तिचे म्हणणे थोडक्यात होते आणि ते तिने यशवंतरावांच्या अपेक्षेच्या अगदी उलट्या टोकाने मांडले.

"धान्य कापा साहेब. त्याच्या वाटचं आमाले नोको. पन मोजनीतून त्याले काहाडू नोका."

यशवंतराव गडबडले, आणि गडबडल्यामुळे चिडले. चोरी असती तर तिच्यात निदान हिशोब असता. धान्य नको आणि रिकामी ओळ हवी, या मागणीला कुठून धरावे ते त्यांना समजेना. ते खोचकपणे म्हणाले, "घरात असा कोण आहे, ज्याला नाव नाही?"

"आमी इचारत नाई. हाय तं हाय."

"मग मी तरी कशाला ठेवू?"

सोजरबाईने पाटी या काखेतून त्या काखेत घेतली. "काहाडला तं तो जाईन कुटी, साहेब?"

यावर मात्र यशवंतराव मनापासून हसले. त्यांनी तिला, लहान मुलाला समजवावे तसे, समजावले की यंत्रात नाही म्हणजे नाही. तिथून गेलेले कुठे जात नसते. जायला काही असावे लागते.

मग तिने भलतेच विचारले. "तुमच्या घरी कोन कोन हाय जी?"

"आम्ही दोघं."

"दोघंच म्हनता?"

"मोजून दोघं," यशवंतराव म्हणाले.

तिने पटकन पाटी डोक्यावर घेतली. जाताना ती त्यांच्याकडे बघून गेली; जड ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर चढवल्यावर माणसाला हलकेही वाटते आणि लाजही वाटते, तशी ती नजर होती. यशवंतरावांना त्यात अज्ञानच दिसले.

त्यांनी लगेच काम उरकले. प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली. ज्याचे नाव रिकामे, त्याच्यावरचा घराचा क्रमांक पुसावा. क्रमांकच नाही तर कप्पा नाही, आणि कप्पा नाही तर पानावर जागा नाही. त्यांनी पान पुन्हा उघडले. घरे स्वच्छ झाली होती. झाडून घेतलेल्या अंगणाकडे बघावे तसे ते त्या पानाकडे बघत राहिले.

३

घर बाजाराच्या मैदानामागे होते. पुढे अंगण, मग बैठक, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर. वर मंगलोरी कौले. दोन माणसांना ते मोठेच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी यशवंतराव जेवायला आले तेव्हा तीन ताटे मांडलेली होती. कुसुमबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "ते पाहुणे हातपाय धुऊन राह्यले का?"

पाहुणे कोण, असे यशवंतरावांनी विचारले. कुसुमबाईंनी वळून पाहिले, तिसऱ्या ताटाकडे पाहिले आणि त्या ओशाळल्या. तुमच्यामागून कुणी आत आल्यासारखे वाटले, म्हणाल्या. दोघेही हसले. ताट उचलून ठेवले गेले.

त्यानंतर परातीत पीठ जास्त पडू लागले. कुसुमबाईंना ते मळून झाल्यावरच ध्यानात येई. उरलेल्या भाकऱ्या संध्याकाळी दिसत नसत. यशवंतरावांनी उंदरांचे औषध आणले. रांजणातले पाणी लवकर खाली जाई. त्यांनी रांजण उचलून त्याला भेग कुठे आहे ते पाहिले. भरदुपारी मधल्या खोलीतून गुडघ्यावर हात टेकून कुणी उठल्याचा आवाज येई, तो दमलेला सुस्कारा, आणि मग एक पाऊल. लाकूड उन्हाने तडकते, कौले सरकतात, हे यशवंतराव शास्त्राधाराने सांगू शकत होते आणि सांगत होते. प्रत्येक गोष्टीचे त्यांच्यापाशी एक उत्तर होते. उत्तरे सुटी सुटी होती. ती एका घरात नेऊन बसवायचा प्रोग्राम त्यांना लिहावासा वाटला नाही.

त्यांना खरोखर अस्वस्थ केले ते कुसुमबाईंच्या चालण्याने. रिकाम्या बैठकीतून जाताना त्या अंग चोरू लागल्या होत्या. पदर गोळा करून, एका बाजूने वळून, दाटीच्या बाजारातून वाट काढणाऱ्या बाईसारख्या जात. एकदा मधल्या खोलीच्या दाराशी थांबून त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "सरका जरा." यशवंतराव मागेच उभे होते. ते बाजूला झाले. पण कुसुमबाईंनी ते त्यांना म्हटले नव्हते. त्यांचे तोंड पुढे होते.

"कुसुम, तू पडून राहा ना जरा," ते म्हणाले. "डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं?"

"पडू कुठं, अहो," कुसुमबाई म्हणाल्या, आणि सगळी मोकळी खोली त्यांनी एकदा डोळ्यांखालून घातली. "जागा होऊ दे."

त्या रात्रंदिवस भिंतीला पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन बसू लागल्या. आडव्या झाल्या तरी कुशीवर, सतरंजीच्या काठावर. चेहरा उतरला. पोट मात्र वाढत होते, आणि त्या ते दोन्ही हातांनी झाकून बसत, गर्दीत कुणाचे कोपर लागू नये म्हणून झाकावे तसे. शेजारणी म्हणाल्या, पोटुशी बाईला असे भास होतात. यशवंतरावांनी ते मत उचलले. शेजारणींची मते ते एरवी ऐकून घेत नसत.

त्यांनी जयवंताबाईंना गावाहून बोलावून घेतले. त्या आल्या, दोन दिवस राहिल्या, आणि देवघरासमोर बसून त्यांनी भावाला एवढेच विचारले की घरात इतकी माणसे असून समईत तेल कुणीच कसे घालत नाही. यशवंतराव म्हणाले, "माणसं कुठं आहेत, अक्का? आम्ही दोघंच." जयवंताबाईंनी मान वर केली, काही आठवावे तशा क्षणभर थांबल्या, आणि हो म्हणाल्या. मग पुन्हा नाम घेऊ लागल्या, मात्र आवाज जरा चढवून.

४

कुसुमबाईंचे दिवस भरत आले तेव्हा हैदराबादेहून मोठे साहेब पान बघायला येणार होते. त्याच्या आदल्या सकाळी यशवंतराव सगळी घरे एकदा उघडून बघत होते. तसे करताना त्यांनी सहज शून्य क्रमांकाचे घर उघडले.

पान उघडायला वेळ लागला. मग ते वाढत गेले. वर यशवंतराव. खाली कुसुमबाई. त्याखाली रिकामी ओळ, तिच्याखाली रिकामी ओळ, आणि यशवंतराव पान वर सरकवत गेले तरी ओळी येतच राहिल्या. प्रत्येकीत नावाची जागा, वयाची जागा, नात्याची जागा. एकीतही काही लिहिलेले नव्हते. घर क्रमांक शून्य.

पण यशवंतराव शिकलेले होते, आणि थोड्याच वेळात त्यांना चूक सापडली. चूक हास्यास्पद होती. त्यांनी बिननावाच्या ओळींवरचा घराचा क्रमांक पुसला होता. रिकामा क्रमांक म्हणजे कुठलेच घर नाही, असे त्यांना वाटत होते. यंत्राला कुठलेच नाही हे कळत नाही. रिकामे म्हणजे शून्य, असे त्याने धरले आणि एकेक ओळ इमानाने शून्याच्या कप्प्यात नेऊन ठेवली. गावोगावचे सगळे आगळे यशवंतरावांच्या घरी आले होते, कारण यशवंतरावांनीच त्यांना तो पत्ता दिला होता.

ते मोठ्याने हसले. दाराबाहेर धोंडीबा होता, तो आत डोकावला. त्याला त्यांनी सांगितले की मूर्ख लोकांच्या संगतीने यंत्रेही मूर्ख होतात. मग त्यांनी शून्य क्रमांकाचे घर मुळासकट पुसून टाकले. स्वतःच्या ओळीसह, कुसुमबाईंच्या ओळीसह, आणि त्यांच्याखाली जे काही होते त्या सगळ्यासह. चाचणीच्या ओळी शेवटी पुसायच्याच असतात.

हात धुतल्यासारखे हलके वाटले. आणि त्या हलकेपणात, नीटनेटकेपणाच्या जुन्या खोडीने, त्यांनी दोन संख्या जुळवून पाहिल्या. पुसण्याआधी शून्य घराच्या पानाने तळाशी माणसांची एकूण संख्या दाखवली होती. ती त्यांच्या डोळ्यांसमोर होती. आगळा घरटी एक. म्हणजे त्या गावांत जितकी घरे, तितक्या रिकाम्या ओळी, अधिक ते दोघे.

एक जास्त होती.

त्यांनी पुन्हा जुळवले. शून्य घरात आगळे फक्त पानावर आले होते, डेटाबेसमध्ये ते आपापल्या घरच्या क्रमांकावरच होते; म्हणून त्यालाच विचारले, बिननावाच्या ओळी किती. जितकी घरे, तितक्याच. मग पानावरची ती एक कुठून आली होती? कुणी भरली नव्हती. ती कुठल्याही गावाची नव्हती. यशवंतरावांनी डोळे मिटले आणि पान आठवले. सगळ्यांत वरची रिकामी ओळ, कुसुमबाईंच्या नावाला अगदी लागून असलेली. तिला नाव असणार कसे? तिला अजून कुणी नाव ठेवले नव्हते.

आणि ती त्यांनी आपल्या हाताने, आत्ताच, पुसली होती.

ते चपला न घालता निघाले. बाजाराच्या मैदानातून धावणाऱ्या त्या ताठ माणसाला लोकांनी थांबून पाहिले. घरात कुसुमबाई मधल्या खोलीच्या कोपऱ्यात बसल्या होत्या, दोन्ही हात पोटावर. त्यांनी वर पाहिले आणि सांगितले, फार शांतपणे सांगितले, "सकाळपासून हललं नाही, अहो."

संस्थेची जीप मिळाली. आदिलाबादचा रस्ता मधे घाटाचा, आणि त्या रस्त्यावर यशवंतरावांनी कुणाला काय म्हटले, किती वेळा म्हटले, ते इथे लिहून त्यांचा पाणउतारा करण्यात अर्थ नाही. इतकेच सांगावे की त्यात थांबण्याची अट नव्हती.

संध्याकाळी दवाखान्यात मुलगा झाला. जिवंत, सावळा, पूर्ण. रडला थोडासा, समोर कुणी झोपले असावे आणि त्याची झोप मोडू नये, इतक्या बेताने.

५

माणूस संकटात जे बोलतो ते संकट टळल्यावर त्याला परक्याचे वाटते. आठवडाभरात यशवंतराव पुन्हा पूर्वीचे झाले, किंवा तसे दिसू लागले. मोठे साहेब येऊन पान वाखाणून गेले होते. तरी एक दिवस, कुणी नसताना, यशवंतरावांनी प्रोग्राममधली ती वाढवलेली ओळ काढली. आगळे आपापल्या घरी परत जाऊ देत, धान्य नको तर नको. त्यांनी गावांची घरे उघडली. स्वच्छ. डेटाबेसला थेट विचारले. बिननावाची एकही ओळ नव्हती. त्यांनी डेटाबेसमधून गावांचे काही काढले नव्हते. कुणीच काढले नव्हते.

त्यांनी काहीतरी निमित्त काढून धोंडीबाला त्या गावांत पाठवले. तो परत आला आणि बराच वेळ तंबाखू मळत बसला.

"आता इचारलं तं बरोब्बर मोजून सांगतात," तो म्हणाला. "आगळा कुटी हाय म्हनलं, तं म्हनतात, गेला."

"कुठं गेला?"

"सांगत नाईत जी. उटनूरकडं हात करतात."

यशवंतरावांनी त्याला अंधश्रद्धाळू ठरवले आणि कामाला लावले. हे त्यांना अजून जमत होते.

बारशाच्या दिवशी जयवंताबाईंनी सकाळीच घर ताब्यात घेतले. मधल्या खोलीत पाळणा टांगला, झेंडूची माळ बांधली, गहू मांडले. दुपारी शेजारच्या चार बायका आल्या. भाजीसाठी बोलावलेली माळीण नेमकी सोजरबाई निघाली. जयवंताबाईंनी तिला ओटी घेऊन जा, आत ये, असा आग्रह केला. ती अंगणातच उभी राहिली. तिने दारातून आत पाहिले, बैठकीत, मधल्या खोलीत, जिथे चार बायका आणि एक बाळंतीण यांच्याशिवाय कुणी नव्हते, आणि ती हळूच म्हणाली, "पाय ठेवाले जागा कुटी हाय, बाई?"

जयवंताबाईंना ते थट्टेचे वाटले. यशवंतराव दाराशी उभे होते. त्यांनी तिच्याकडे बघायचे टाळले.

विधी सुरू झाला. बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालायची रीत. जयवंताबाईंनी वरवंट्याला कुंची घातली, काजळाचे बोट लावले, आणि पाळण्याच्या अलीकडून तो खाली वाकून पलीकडच्या बाईकडे दिला. पाळणा तो किती मोठा. या हातातून त्या हातात जायला एक शब्द उच्चारायचा अवकाश. जयवंताबाईंचे हात रिकामे झाले, आणि पलीकडच्या बाईचे हात पसरलेलेच राहिले. बायका गात होत्या. गाण्याची एक ओळ झाली, दुसरी झाली. मग पलीकडच्या बाईला वरवंटा मिळाला. तिने तो हसत वर काढला आणि पाळण्यात ठेवला. कुणालाच वावगे वाटले नाही.

यशवंतरावांना वाटले. ते वाकले. पाळण्याखालची सावली त्यांना सरळ दिसत होती, आणि जिथे फरशी संपून भिंत यायला हवी होती तिथे भिंत येत नव्हती. हात होते. वांगी खुडणारे, कापूस वेचणारे हात असतात तसे नव्हे, हातांना जे वय असते, जात असते, काम असते, ते काही त्यांना नव्हते. एकापुढे एक. एक घेत होता, पुढच्याला देत होता आणि मोकळा होत होता. ती रीत यशवंतरावांच्या ओळखीची होती. एक ओळ उचलावी, ठेवावी, पुढची उचलावी. पापणी लवली आणि तिथे भिंत होती, भिंतीशी पिठाचा डबा होता.

"आणा बाळाला," जयवंताबाई म्हणाल्या.

या क्षणी यशवंतरावांनी एक शब्द बोलायला हवा होता. थांबा, एवढा एकच. पण थांबा म्हटल्यावर का, हे सांगावे लागले असते, आणि ते ज्यांना सांगायचे त्या बायकांच्या देवाधर्माला, सोवळ्याओवळ्याला, गाण्यांना ते वर्षानुवर्षे हसत आले होते. अपत्याच्या जिवापेक्षा आपली अक्कल मोठी, असे त्यांनी कधी म्हटले नसते. त्या वेळी त्यांनी तसे केले मात्र.

जयवंताबाईंनी बाळ घेतले, वाकल्या, आणि पाळण्याखालून पुढे दिले. त्यांचे हात रिकामे झाले.

बायका गात राहिल्या. पलीकडची बाई हात पसरून हसतमुखाने वाट पाहत होती. यशवंतरावांनी डोळे मिटून घेतले. गाणे संपत आले, कुणीतरी ते पुन्हा पहिल्यापासून धरले, आणि तेही निम्मे झाले, तेव्हा बाळ पलीकडे निघाले. हलके होते, असे ती बाई नंतर म्हणाली. सगळ्यांनी पाळण्यावर फुले टाकली.

जयवंताबाईंनी तोंड पाळण्यात घातले. आजोबांचे नाव ठेवायचे ठरले होते, माणिक. आत्या म्हणून त्यांनीच ते कानात सांगितले. आणि त्या तशाच वाकलेल्या राहिल्या. उठल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी होती.

"यशवंता," त्या भावाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मी नाव सांगितलं. पण बाळाच्या आधी दुसरंच कुणी तरी हो म्हणालं रे."

नाव एकच आणले होते. ते कुणीतरी घेतले होते.

बायका पेढे खाऊन गेल्या. घर निवांत झाले. कुसुमबाई किती तरी दिवसांनी पाय पसरून बसल्या होत्या, थकलेल्या आणि सुखावलेल्या. पाळण्याच्या दोरीला हात लावून त्यांनी आत पाहिले. लेकरू डोळे उघडे ठेवून निजले होते, कुणाची नसलेली वस्तू जशी पडून असते तसे, मान सरळ, नजर कौलांना.

"माणिक," त्यांनी लाडाने हाक मारली. "माणिका, इकडं बघ."

पाळण्यात काही हलले नाही. स्वयंपाकघरात गुडघ्यावर हात टेकून कुणीतरी उठले.

यशवंतरावांनी बायकोचा हात घट्ट धरला. आता हाक मारू नकोस, असे त्यांना म्हणायचे होते. पण आईच ती. तिचे तोंड पुन्हा पाळण्याकडे वळले होते, आणि तिने दुसऱ्यांदा हाक मारलीही होती, पहिल्याहून गोड.

स्वयंपाकघराच्या दारावरचा पडदा बाजूला झाला.